कोल्हापुरात राहून गोव्यात शिडाची बोट ठेवायची, तर वर्षाला खर्च किती?

प्रश्न असा आहे. शिरोली एमआयडीसीत फाउंड्री, घर ताराबाई पार्कात. गोव्यात ३५ फुटी, फायबरची, युरोपात बांधलेली २००८ सालची शिडाची बोट ४५ लाखांना मिळते आहे. विकणारा म्हणतो, वर्षाला दोन-अडीच लाखांत भागतं. परदेशी मासिकांत बोटीच्या किमतीच्या दहा टक्के असा हिशेब दिलेला असतो. दोघांपैकी कुणाचं धरायचं? आणि गोव्याऐवजी मालवण किंवा रत्नागिरीला आणून ठेवली तर स्वस्त पडेल का?

दोघांचंही धरू नका. माझ्या हिशेबाने ही बोट नीट ठेवायला वर्षाला नऊ लाखांच्या आसपास लागतील, म्हणजे किमतीच्या वीस टक्के. मी या किनाऱ्यावर बोटींचे सर्व्हे आणि डोलकाठ्यांची कामं करतो. खाली दिलेले आकडे ढोबळ आहेत, यार्डागणिक आणि वर्षागणिक बदलतील. पण दोन-अडीच लाखांचा आकडा कुठून आला ते मी न विचारताही सांगू शकतो. विकणाऱ्याने रंग, डिझेल आणि इंजिनाचं ऑइल एवढंच धरलंय. त्याचा तांडेल, म्हणजे बोट सांभाळणारा माणूस, बहुधा त्याच्याच दुसऱ्या धंद्याच्या पगारपत्रकावर आहे, आणि शिडं त्याने अजून बदललेलीच नाहीत. ती तुम्ही बदलणार आहात.

दहा टक्क्यांचा नियम नव्या बोटीसाठी बरा आहे. जुनी बोट स्वस्तात मिळते म्हणून तिचं इंजिन, तिची डोलकाठी, तिच्या बुडाचं क्षेत्रफळ काही कमी होत नाही. क्रेनवाला बोट कितीला घेतली ते विचारत नाही, वजन किती ते विचारतो. म्हणून खर्चाचा अंदाज किमतीवरून न बांधता लांबी आणि वजनावरून बांधावा. गेटवे ऑफ इंडियासमोर ‘जे २४’ जातीच्या बोटी दिसतात, त्या २४ फुटी, वजन सुमारे १,४०० किलो. तुमची ३५ फुटी, वजन सहा टनांच्या घरात. लांबी दीडपट आणि वजन चौपट झालं. रंग, दोर, शिडं, नांगर, साखळी, उचलायची क्रेन, सगळं त्या वजनाच्या मागून वाढत जातं.

आता आपल्या किनाऱ्यावरचा सगळ्यात मोठा खर्च, जो परदेशी हिशेबात सापडणार नाही: पावसाळा. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून मासेमारी बंद होते ती उगाच नाही. मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तुमची बोट समुद्राच्या कामाची नाही. साखर कारखान्याचा हंगाम आणि ऑफ सीझन कोल्हापूरकराला समजावून सांगायला नको. गळीत संपलं की मिल उघडायची, रोलर काढायचे, सगळी झाडाझडती. इथे तेच, फक्त महिने वेगळे, आणि गळीत केवढंही कमी झालं तरी ऑफ सीझनचं बिल तेवढंच येतं.

मे महिन्यात बोट पाण्याबाहेर काढावी लागते. तुमच्या डोक्यात शिरोलीतला हायड्रा, म्हणजे कारखान्यातली फिरती क्रेन, येईल. चौदा टनी हायड्रा सहा टनांची बोट सहज उचलेल असं वाटतं, पण चौदा टन हा बूम आखडलेला असतानाचा आकडा आहे. धक्क्याच्या कडेवरून पाण्यातली बोट घ्यायची म्हणजे बूम लांब काढावा लागतो, आणि लांबी वाढली की क्षमता झपाट्याने खाली येते. वर डोलकाठी आणि तिच्या वायर आड येतात. त्यामुळे मोठी टेलिस्कोपिक क्रेन, दोन रुंद पट्टे, पट्टे हलावर, म्हणजे बोटीच्या अंगावर, आवळू नयेत म्हणून वर स्प्रेडर, खाली कीलला (बुडाखालच्या जड पंख्याला) बसेल असा लोखंडी पाळणा, असं सगळं लागतं. जिथे स्लिपवे आणि ट्रॉली आहे त्या यार्डात काम सोपं होतं. गोव्यात मांडवी, झुआरी आणि कुंभारजुव्याच्या पाण्यावर अशी यार्डं आहेत. काढणं, चार-पाच महिने जमिनीवर ठेवणं, झाकणं आणि पुन्हा सोडणं मिळून पावणेदोन लाख धरा.

झाकण्यावर दोन शब्द, कारण इथेच बोटी मरतात. समुद्रात बुडालेल्यांपेक्षा यार्डात पावसाने बुडालेल्या बोटी मी जास्त पाहिल्या आहेत. कोकणात आणि गोव्यात वर्षाला तीन मीटर पाऊस पडतो. कॉकपिटची, म्हणजे डेकवरच्या बसायच्या खोलगट जागेची, पाणी जायची भोकं पानांनी आणि चिमण्या-कावळ्यांच्या काड्यांनी तुंबली की पाणी कॉकपिटमध्ये चढतं, तिथून केबिनमध्ये उतरतं, इंजिन अर्धं पाण्यात जातं, आणि मालकाला गणपतीनंतर कळतं. ताडपत्री थेट डेकवर टाकू नये. बांबूचा सांगाडा बांधून उतरती टाकावी, दोन्ही टोकांना हवा खेळती ठेवावी. शिडं, गाद्या, दोर, कागद, सगळं उतरवून कोल्हापूरला घेऊन जा. पाऊस तुमच्याकडेही आहे, पण माळ्यावर खारी हवा नाही. आतले सगळे कप्पे, बिल्ज (तळातली पाणी साचायची जागा), फ्रिजचं दार सताड उघडं ठेवा, नाहीतर ऑक्टोबरात हिरवी बुरशी काढायला वेगळी मजुरी. आणि उंदरांचा बंदोबस्त. यार्डातल्या उंदरांना वायरिंगचं इन्सुलेशन का आवडतं कोण जाणे, पण एकदा त्यांनी मुख्य वायरिंग कुरतडलं की दोष शोधायलाच इलेक्ट्रिशियनचे दिवस जातात.

दुसरा मोठा खर्च म्हणजे माणूस. तुम्ही पणजीत राहात असता तर मी सांगितलं असतं, रोज संध्याकाळी स्वतः एक चक्कर मारा. तुम्ही आजरा-आंबोलीमार्गे सव्वादोनशे किलोमीटरवर आहात. बिल्ज पंप अडकला, मुरिंगची (बोट बांधायच्या साखळीची) जोडकडी झिजली, ट्रॉलरने रात्री घासटून नेली, हे तुम्हाला फोनवरच कळणार, आणि फोन करायला तिथे कुणीतरी असायला हवं. महिना अठरा हजारांत समजूतदार खलाशी मिळाला तर नशीब. दिवाळीचं धरून वर्षाला सव्वादोन लाख. पावसाळ्यात त्याला काढून टाकायचा मोह होतो, तसं करू नका. भोकं तुंबतात तेव्हाच तो हवा असतो, आणि ऑक्टोबरात तो दुसऱ्याच्या बोटीवर गेलेला असतो. दोन-तीन मालक मिळून एक माणूस ठेवतात, तसं जमलं तर या आकड्यातले लाखभर वाचतील.

बाकीचे भराभर सांगतो. हंगामात उभी करायची जागा आणि मुरिंग, म्हणजे खालचा ठोकळा, साखळी, बोया आणि पाणबुड्याकडून तपासणी, एक लाख. विमा ठरलेल्या किमतीच्या सव्वा-दीड टक्क्यापर्यंत, म्हणजे साठ हजार. पॉलिसीत पावसाळ्यात बोट जमिनीवरच हवी अशी अट आहे का ते वाचा. असेल आणि जूनमध्ये बोट पाण्यात असेल तर दावा विसरा. नोंदणी, सर्व्हे, व्हीएचएफ रेडिओचा परवाना, अग्निशामक, मुदत संपलेल्या फ्लेअर (संकटात पेटवायच्या नळ्या), लाइफ राफ्टची सर्व्हिस, याचे सरासरी चाळीस हजार. इंजिन तीसेक हॉर्सपॉवरचं डिझेल असणार. ऑइल, फिल्टर, पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर, बेल्ट आणि मेकॅनिक मिळून पन्नास हजार. इम्पेलर दरवर्षी बदला, जुना चांगला दिसला तरी. सेलड्राइव्ह, म्हणजे बुडातून सरळ खाली उतरणारा प्रोपेलरचा पाय, असेल तर बुडातल्या रबरी डायफ्रामची तारीख विचारा. सात वर्षांनी तो बदलायचा असतो, आणि विकायला काढलेल्या बोटीत तो बदललेला क्वचितच सापडतो. डिझेलचा खर्च फार नाही, मालक उगाच त्याचीच चौकशी करतात.

बुडाचा रंग एक लाख. उबदार पाण्यात शेवाळ आणि बार्नाकल इतक्या वेगाने धरतात की दोन महिने न हललेली बोट निम्म्या वेगाने चालते. पाण्याखालचं क्षेत्रफळ तीसेक चौरस मीटर, दोन हात, वॉटरलाइनला आणि सुकाणूला तिसरा, म्हणजे सात-आठ लिटर अँटिफाउलिंग, शेवाळ धरू न देणारा रंग. यॉटसाठीचा आयात केलेला डबा महाग पडतो. ट्रॉलरवाले वापरतात तो रंगही चालतो, फक्त तुमच्या जुन्या रंगावर तो धरेल ना ते आधी छोट्या पट्ट्यावर बघा. खरा पैसा रंगात जात नाही, घासण्यात जातो. आणि हे काम ऑक्टोबरात, बोट सोडायच्या आधी करायचं. मे महिन्यात रंगवून पाच महिने हवेत ठेवलेल्या बऱ्याच रंगांचा जोर उतरतो.

इथपर्यंत साडेसात लाख झाले. आता तो भाग, जो कुणीच धरत नाही: जे दरवर्षी बदलत नाही, पण दरवर्षी झिजतं. मुख्य शीड आणि पुढचं जेनोआ मिळून साडेचार लाख. शीड वाऱ्याने फाटायच्या आधी उन्हाने कुजतं, शिलाईचा दोरा सगळ्यात आधी. गुंडाळलेल्या जेनोआवरची संरक्षक पट्टी दुरुस्त ठेवली तर सहा वर्षं काढेल. डोलकाठीला तोलून धरणाऱ्या स्टीलच्या वायर साडेतीन लाख, दहा वर्षांनी. बोट २००८ ची आहे. वायर मूळच्याच असतील तर तो खर्च तुमच्या पहिल्याच वर्षात आला, किंमत ठरवताना तो वजा करा. बॅटऱ्या साठ हजार, चार वर्षांनी. पंप, विंचचे भाग, गाद्या, दोर मिळून वर्षाला पन्नास हजार. हे सगळं वर्षांवर वाटलं की पावणेदोन लाख. एकूण सव्वानऊ.

धातूंबद्दल तुमच्याशी बोलायला मजा येईल, म्हणून इथे थोडा थांबतो. सहा टनांतले दोन टन म्हणजे तुमच्याच धंद्यातला माल, कास्ट आयर्नचा कील. तो गंजतो, पण कीलचा गंज दिसतो म्हणून त्याची फार भीती नाही. भीती स्टेनलेसची. ३१६ स्टील हवेत चकचकीत राहतं, कारण वरचा ऑक्साइडचा थर ऑक्सिजन मिळाला की स्वतःच भरून येतो. डेकमधून आत जाणारी चेनप्लेट (डोलकाठीच्या वायर जिला अडकवतात ती पट्टी) किंवा कीलचे बोल्ट जिथे ओलसर फटीत दडपलेले असतात तिथे ऑक्सिजन पोचत नाही, आणि खाऱ्या पाण्यात तो थर आतून पोखरला जातो. वरून आरशासारखी दिसणारी पट्टी डेकच्या जाडीत पेन्सिलीएवढी उरलेली असू शकते. डेकवर चेनप्लेटभोवती तपकिरी ओघळ दिसला की ती उपसून बघा. पाण्याखालच्या झडपा पितळेच्या आहेत की गनमेटलच्या, तेही बघा. पितळातलं जस्त समुद्राचं पाणी काढून घेतं, मागे गुलाबी, ठिसूळ तांबं उरतं. घासल्यावर गुलाबी दिसली तर ती झडप त्याच दिवशी बदला. बोटीच्या बुडाला भोक असतं आणि ते त्या झडपेने बंद असतं, एवढं लक्षात ठेवलं की पैसे काढायला हात आखडत नाही.

आणि एक कळकळीची विनंती. प्रोपेलरच्या शाफ्टवर जस्ताचा अॅनोड असतो, तो स्वतः झिजून बाकीचं वाचवतो. एवढासा तुकडा आणि किंमत केवढी, असं म्हणून आपले उद्योजक लोक तो स्वतःच ओतायला घेतात. कोल्हापुरात राहून तसा मोह न होणं अवघड आहे. पण या जस्तात लोखंड ०.००५ टक्क्यांहून जास्त चालत नाही. थोडं लोखंड मिसळलं की अॅनोडवर थर बसतो आणि तो झिजायचा थांबतो. वर्षभराने काढून बघाल तर नवाकोरा, आणि तुम्ही खूश. तोवर प्रोपेलर चाळणीसारखा झालेला असतो. जिथे दिवसभर लोखंड वितळतं त्या शेडमध्ये एवढं शुद्ध जस्त ओतणं जमणार नाही. विकत घ्या.

आता मालवण-रत्नागिरीचं. ओढ मला कळते. सिंधुदुर्ग आणि मालवण १८१२ पर्यंत करवीरच्या छत्रपतींकडे होतं, समुद्र कोल्हापूरला परका नाही. घाट उतरला की बंदर, अंतरही गोव्याहून कमी. हंगामात नांगर टाकायला देवगडचा आडोसा सुरेख आहे, आणि विजयदुर्गची वाघोटण खाडी तर इतकी खोल आणि सुरक्षित की मराठा आरमाराची गोदी तिथेच गिर्यालगत खडकात खोदलेली आहे. पण तुमच्या बोटीचा कील पावणेदोन-दोन मीटर खाली जातो. बहुतेक खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो, ओहोटीला मासेमारीच्या जेटीशेजारी चिखल उघडा पडतो, रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या बंदरात ट्रॉलरच ट्रॉलरला चिकटून उभे असतात. मालवणात किल्ल्याभोवतीचे खडक स्थानिक माणूस बरोबर असल्याशिवाय अंगावर घेऊ नयेत. यातलं सगळं सांभाळता येईल. सांभाळता येणार नाही ते दुरुस्तीचं. डोलकाठीचं काम, शिडाची शिलाई, कीलच्या बोटीला बसणारा पाळणा, फायबरचा जाणता कारागीर, हे गोव्यात आहे. नौदलाची ‘म्हादेई’ आणि नंतरची ‘तारिणी’ गोव्यात दिवाडीवर बांधल्या गेल्या. दिलीप दोंदे यांनी म्हादेईवरून २००९-१० मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा केली. अशा बोटी बांधलेले हात जवळ असण्याला किंमत आहे. सिंधुदुर्गात ठेवलीत तर जागेचे लाखातले साठ-सत्तर हजार वाचतील आणि मेकॅनिकला गोव्याहून आणण्यात ते परत जातील. पावसाळ्यात बोट गोव्यालाच न्यावी लागेल, ते वेगळं. हंगाम गोव्यात काढा आणि एखाद्या फेब्रुवारीत आठवडाभर विजयदुर्गला घेऊन जा, हे मी सुचवेन. परवानग्या दोन्हीकडच्या लागतील, गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्स, इकडे महाराष्ट्र मेरिटाइम बोर्ड. रात्री जाऊ नका, जाळ्यांचे बोये दिसत नाहीत आणि जाळं प्रोपेलरमध्ये गेलं की वाद पैशांवर थांबत नाही.

भाड्याने देऊन खर्च भागेल, असं विकणाऱ्याने सांगितलं असेल तर ते कानाआड करा. व्यावसायिक वापराची नोंदणी वेगळी, सर्व्हे वेगळा, विमा वेगळा, आणि पाहुण्यांनी केलेली झीज तुमची.

एक हिशेब घरच्यांसमोर बसून करा. ऑक्टोबर ते मे साधारण तीस आठवडे. फाउंड्रीचं डिस्पॅच, लग्नसराई, मुलांच्या परीक्षा वजा करता तुम्ही पंधरवड्यातून एकदा गेलात तरी पुष्कळ झालं. सव्वानऊ लाख भागिले पंधरा, फेरीमागे साठ हजारांवर, पेट्रोल आणि हॉटेल सोडून. ज्याला समुद्रात रात्र काढायची आहे, चार-पाच दिवस खाली कारवारपर्यंत जायचं आहे, त्याला हे पैसे जड जाऊ नयेत. सकाळचे मतलई वारे उतरले की जेवून निघायचं, दुपारच्या वायव्येच्या वाऱ्यावर दोन तास फिरून परत यायचं, एवढंच हवं असेल तर ३५ फूट कशासाठी? वीस-चोवीस फुटी, कील वर उचलता येणारी बोट घ्या. मे महिन्यात आयशरवर टाकून थेट शिरोलीत आणा, शेडमध्ये कोरडी ठेवा. तिथे मात्र तुमचा हायड्रा खरंच चालेल, वेल्डर घरचा, पेंटर घरचा. अशा बोटीचा वर्षाचा खर्च दीड लाखात बसतो. तुमच्या धंद्यातल्या माणसाला मी पहिली बोट म्हणून हीच सांगतो, आणि बहुतेक जण ऐकत नाहीत.

तरीही ३५ फुटीच हवी असेल तर पैसे देण्याआधी तीन गोष्टी. पहिली, कागद. बोट परदेशी बांधणीची आहे, तेव्हा सीमाशुल्क भरल्याची बिल ऑफ एंट्री मूळ प्रत बघा. परदेशी झेंड्याखाली आलेली आणि शुल्क न भरलेली बोट स्वस्तात फिरत असते. ते शुल्क उद्या तुमच्याकडे मागितलं गेलं तर वर जीएसटीही येतो, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून हौशी बोटींवर तो ४० टक्के आहे. दुसरी, सर्व्हे पाण्याबाहेर काढूनच, आणि सर्व्हेअर तुम्ही निवडलेला. बुडावर फोड आहेत का, कील आणि हलच्या जोडावर भेग आहे का, सुकाणूत पाणी शिरलंय का, हे पाण्यात उभ्या बोटीत कळत नाही. तिसरी, एकदा पंधरा नॉट वाऱ्यात शिडं पूर्ण ताणून चालवा, आणि त्या वेळी कुणाला तरी आत बसवून डोलकाठीचा पाया आणि चेनप्लेटजवळचं लाकूड करकरतंय का ते ऐकायला सांगा.

टोकन द्यावंच लागलं तर सर्व्हे समाधानकारक आल्यासच व्यवहार, असं लेखी घेऊन द्या. क्रेनचं त्या दिवसाचं भाडं रिवाजाप्रमाणे घेणाऱ्याने भरायचं असतं. मेच्या पहिल्या आठवड्यात सर्व्हे ठेवलात तर बोट नाहीतरी वर यायचीच असते, तेव्हा विकणाऱ्याला निम्मं मागून बघा.